विहिरीकाठच्या ग्रिमाची वारसदार

मी, कुमारी उन्नती आत्माराम चुरी, वय सत्तावीस, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हस्ताक्षरात लिहीत आहे. लिही म्हणून माझ्यावर कुणाचा दबाव नाही. लिहू नकोस म्हणून मात्र घरातल्या सगळ्यांचा आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती गरजेपेक्षा जास्त शाबूत असते, अशी बाबांची जुनी तक्रार आहे. मला कुठलाही गंभीर आजार नाही. गुरुवारी वसईतल्या एका इस्पितळात माझ्या नाकातले वाकडे हाड सरळ करायचे आहे आणि त्यासाठी पूर्ण भूल देणार आहेत. संमतिपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत 'क्वचित प्रसंगी मृत्यू' असे छापले आहे. डॉक्टर म्हणाले, "ते कुणी वाचत नाही हो." मी वाचले. लोकांना मरणाची सूचना बारीक अक्षरांत द्यायची, हाच माझा धंदा आहे. तो पुढे येईल.

याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी अक्कलदाढ काढण्यापूर्वी केले होते.

कलम १. माझ्या नावावर जमीन किंवा घर नाही. घर आणि वाडी बाबांची आहे. वाडीतला सोनचाफा मी लावला, असे मी पाहुण्यांना सांगत आले आहे. तो मंदाआत्याने लावला. मी पाणी घालायचे, तेही ओरडून सांगितल्यावर. कागदावर खोटे राहू नये म्हणून नोंद केली.

कलम २. बँकेतली आणि पोस्टातली माझी शिल्लक बाबांना, म्हणजे श्री. आत्माराम चुरी यांना मिळावी. त्यांनी ती नव्या पंपावर घालवू नये अशी माझी इच्छा आहे. ते पंपावरच घालवतील हे मला ठाऊक आहे. मेल्यावर माझी इच्छा मोडली गेली असे व्हायला नको, म्हणून त्यांनी ती पंपावरच घालवावी.

कलम ३. माझा लॅपटॉप आणि चित्रे काढायचा टॅब्लेट माझा भागीदार संकेत, राहणार विरार पश्चिम, याला द्यावा. पासवर्ड सांगायची गरज नाही. त्याने तो केव्हाच पाहून ठेवला आहे. लॅपटॉपच्या कळांत बिस्किटाचा चुरा आहे, तोही त्याचाच आहे.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. संकेतने आणि मी मिळून संगणकावरचा एक खेळ केला आहे. उत्तरेकडच्या थंड देशांच्या जुन्या देवकथांवर तो बेतला आहे. एक अवाढव्य विश्ववृक्ष, त्याच्या मुळांखाली नऊ जगे, तिथे लांडगे आणि राक्षस, आणि शेवटी सगळ्यांचा नाश. आम्ही दोघांनीही बर्फ पाहिला आहे तो अर्नाळ्याला मासळीवर घातलेला, तेवढाच. खेळाडू एक वीर घेऊन मुळांखाली उतरतो. वीर मेला की कायमचा मेला. मग नवा वीर, नवा नकाशा आणि पुन्हा पहिल्यापासून. याला मजा म्हणणारे लोक जगभर आहेत.

प्रत्येक नव्या वीराला आधी भेटते ती ग्रिमा. झाडाच्या मुळाशी एक विहीर आहे आणि तिच्या काठावर ही म्हातारी बसलेली असते. ती काम सांगते, वीर ते करायला जातो आणि बहुतेक वेळा मरतो. ग्रिमाचे रूप आणि तिची सगळी वाक्ये माझी आहेत. म्हणजे कागदोपत्री माझी. खरी मंदाआत्याची.

मंदाआत्या ही बाबांची मोठी बहीण. मला शाळेत घालायच्या आधी तिनेच शिकवले. फुलपुड्या बांधता बांधता अंक शिकवले आणि निरोप पाठ करवून भाषा शिकवली. ती विहिरीच्या काठावर बसायची आणि मला गल्लीच्या टोकाला मटिल्डामावशीच्या घरी पाठवायची: ही अळूची पाने दे, कोंबडीची अंडी आण, मध्ये कुणाशी बोलू नकोस. मी एकटी जायचे आणि परत यायचे. माझ्या आयुष्यातले सगळे शौर्य त्या गल्लीत घडले आणि तिथेच संपले.

आत्याकडून शिकले तेच मी ग्रिमात घातले, आणि त्याची फळे दुसऱ्यांनी भोगली. कामाला निघणाऱ्याच्या हातावर आत्या दही ठेवते, म्हणून ग्रिमाही ठेवते. ते चाटायचे असते हे परदेशी खेळाडूंना कुठून माहीत असणार? हातावर दही असताना तलवार धरता येणार नाही, असे मी संकेतला प्रामाणिकपणे सांगितले आणि त्यानेही तितक्याच प्रामाणिकपणे तसे करून ठेवले. खेळ आला त्या आठवड्यात शेकडो शूर वीर पहिल्याच खोलीत उजवा हात पुढे धरून मेले. शिवाय अशा कथांत वस्तू नेहमी तीन मागतात. आमच्या घरी तीन वस्तू कुणी मागत नाही, काम बिघडते. म्हणून ग्रिमा चार लांडग्यांचे दात मागते. चौथा लांडगा सगळ्यांत वाईट आहे. बक्षीस म्हणून ती सुकेळी, म्हणजे आमच्याकडची सुकवलेली केळी, देते. ते चामड्याचे तुकडे आहेत असे समजून खेळाडू त्यांचे जोडे शिवायला बघतात.

कलम ५. हे मृत्युपत्र ज्यासाठी लिहिले ते कलम हेच. बाकीची शोभेची आहेत. एक परदेशी प्रकाशक आमचा खेळ घ्यायला तयार आहे. त्याची अट अशी की, शेवटच्या टप्प्यात खेळाडूला ग्रिमाला ठार मारता आले पाहिजे. संकेतला ही अट मान्य आहे. फोनवर आमचे बोलणे झाले ते असे:

"अगं, लोकांना तिला मारायचंच आहे. कॉमेंट्स वाच ना. चौथ्या लांडग्यानंतर प्रत्येकाला तिला मारायचंय."

"संकेत, ती म्हातारी आहे."

"म्हातारी आहे, पण मरायला पाठवते यार! सरळ व्हिलन आहे ती. मी खेळत असतो तर मीच मारली असती."

"ती फक्त काम सांगते."

"हो, आणि स्वतः आरामात बसते. बॉस आहे ती, बॉस."

आमच्या करारानुसार ग्रिमात बदल करायचा तर दोघांची सही लागते. मी सही केलेली नाही. उद्या मी मेले तर माझा सहीचा हक्क बाबांकडे जाईल. बाबा संकेतला आधी चहा देतील आणि मग "कुठे करू?" एवढेच विचारून सही करतील. म्हणून लिहून ठेवते की, ग्रिमाला कुणालाही, केव्हाही, कुठल्याही शस्त्राने मारता येऊ नये, आणि तिला विहिरीवरून हलवू नये. माझा सहीचा हक्क मी बाबांना न देता श्रीमती मंदा चुरी, म्हणजे मंदाआत्या, हिला देत आहे. तिच्याकडून तिच्या मनाविरुद्ध सही घेणारा माणूस अजून वसई तालुक्यात जन्मलेला नाही.

कलम ६. राग. मी राग मनात ठेवते, बोलून दाखवत नाही, त्यामुळे तो भरपूर साठला आहे. चांदीपचे बळीरामकाका प्रत्येक लग्नात "खेळ खेळायचा पगार देतात का गं तुला?" असे पंगतीत मोठ्याने विचारतात. त्यांना आमच्या खेळाची एक प्रत फुकट द्यावी आणि पहिल्या खोलीतून बाहेर पडून दाखवा म्हणावे. एका खेळाडूने लिहिले होते, 'ही बाई कुणाच्या तरी आत्यासारखी बोलते.' त्याला मी माफ करत नाही, कारण तो बरोबर होता. उरलेला राग माझ्याबरोबर जाऊ द्यावा.

कलम ७. येथवर लिहून झाले तेव्हा मंदाआत्या तगरीच्या कळ्यांची परडी घेऊन ओटीवर आली. यापुढचे मृत्युपत्रात बसत नाही. पण त्यामुळे मृत्युपत्र बदलले, म्हणून लिहिणे भाग आहे.

"नाकाचंच हाड ना गं? का अजून काही आहे, लपवतेस?" आत्याने विचारले.

"नाकाचंच."

"मग एवढे कागद? मला काय ठेवलंस त्यात?"

"सही."

"हे बरं आहे. भावाला पैसे आणि मला सही."

कशाची वारसदार आहे हे न दाखवता कुणाला वारस नेमणे मला बरोबर वाटेना. म्हणून मी लॅपटॉप आणून तिला ग्रिमा दाखवली. इतकी वर्षे मी हे टाळले होते.

आत्याने चष्मा लावून पाहिले. "ही मी?"

"थोडीशी."

"थोडीशी कसली? नाक बघ, तसंच वाकडं. डोक्याला फडकं का बांधलंय?"

"तिकडे थंडी असते."

मी एक वीर पाठवून दाखवला. ग्रिमाने काम सांगितले, दही दिले. वीर खाली उतरला आणि दुसऱ्या लांडग्याने त्याला खाल्ले. मग नवा वीर आला आणि ग्रिमा त्याला काम सांगू लागली.

"तो आधीचा मेला?"

"हो."

"आणि ही?"

"ही पुढच्याला पाठवते."

"बसल्या जागेवरून?"

"हो. तशीच आहे ती."

आत्याचा कळ्या निवडणारा हात थांबला. "मी बसून राहायचे का गं, तुला पाठवून?"

"मग काय? तू विहिरीवर बसायचीस. मी एकटी जायचे मटिल्डामावशीकडे."

"एकटी!" आत्या एवढ्या मोठ्याने हसली की बाबा वाडीतून बघायला आले. "एवढीशी पोर मी गल्लीत एकटी सोडेन? तू फाटकाबाहेर पडलीस की मी कुंपणाच्या आतून चालायला लागायचे, तुझ्या बरोबरीनं. पार मटिल्डाच्या शेवग्यापर्यंत. ती तुला आत घ्यायची, मग तू निघालीस की मी केळींतून पळत परत. तुझ्या आधी विहिरीवर येऊन बसायचे. धाप लागायची मला. तू विचारायचीस, 'आत्या, तू का दमलीस?'"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मागे बघत चालली असतीस. अंडी फोडली असतीस सगळी."

माझा विश्वास बसेना. मी तशीच उठून मटिल्डामावशीकडे गेले आणि विचारले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती.

"रोज यायची गो बाय," ती म्हणाली. "एकदा त्या चरात पडली, गुडघा फुटला. पण तोंडातून आवाज नाही काढला, तू ऐकशील म्हणून. मी तुला मुद्दाम आत नेऊन केक दिला, तोवर ती लंगडत गेली."

तो केक मला आठवतो. चांगले काम केल्याचे ते बक्षीस आहे, असे मी आजवर समजत होते.

परत आले तेव्हा आत्या पडद्यावरच्या ग्रिमाकडे रोखून बघत होती. "ही बाई मला आवडली नाही, उन्नती," ती म्हणाली. "पोरांना पाठवते आणि बसून राहते. एखाद्यानं चिडून मारलं तर त्याचं काय चुकलं?"

"आत्या, मग मी सही करू? ती मरेल."

"मरेल तर मरेल. पाठवलेलं पोर परत आलं नाही तर बाई बसेल कशी?"

कलम ८. कलम ५ मधली ग्रिमाला न मारण्याची आणि न हलवण्याची अट मी याद्वारे रद्द करते. शेजारचा क्लिफर्ड बँकेत आहे. खाडाखोड केलेले मृत्युपत्र टिकत नाही असे त्याने बजावले आहे. म्हणून जुनी अट वर तशीच ठेवली आहे. वाचणाऱ्याने माझे शहाणपण वाचून पुढे यावे. नवी अट अशी:

वीर वेळेत परत आला नाही तर ग्रिमाने विहिरीवरून उठावे आणि त्याच्या मागे मुळांखाली उतरावे. त्याला दिसणार नाही अशी, आडोशाने. तिला लांडगे चावू शकतील. ती पडू शकेल, मरूही शकेल. एखाद्या खेळाडूला तिला मारायचेच असेल तर त्यालाही मुभा असावी. पण त्यासाठी त्याला आधी तिला गाठावे लागेल, आणि त्या वेळी ती त्यालाच शोधत असेल.

हे मी संकेतला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "यार, मग तिला कोण मारेल?"

"ज्याला मारायचं तो मारेल. मी सही करते."

"थांब, थांब. ती चालणार कशी? तिला पायच नाहीत!"

हे खरे आहे. ग्रिमा कायम बसलेलीच असणार, म्हणून झग्याखाली मी पाय काढलेच नव्हते. जगले तर काढीन. न जगल्यास संकेतने भुईगावला येऊन आत्याचे पाय पाहून काढावेत. ती दाखवायला तयार आहे. पण चपला घातलेले पाय काढावेत, भेगा दाखवू नयेत, अशी तिची अट आहे. सहीचा हक्क तिच्याकडेच राहील.

कलम ९. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी श्री. क्लिफर्ड तुस्कानो यांना नेमते. त्यांनी होकार दिला आहे, हसणे थांबल्यावर.

कलम १०. गुरुवारी माझ्याबरोबर बाबा येणार होते. आता आत्या येते म्हणते. मला आत नेल्यावर सोबतच्या माणसाने बाहेरच्या बाकावर बसून राहावे, असा इस्पितळाचा नियम आहे. मला शुद्धीवर यायला उशीर झाला तर तेथील लोकांनी आत्याला तो नियम सांगून पाहावा, आणि तिने ऐकले नाही तर माझ्या वतीने माफी समजावी. मला मात्र तेव्हा कुणीही काही सांगू नये. मी एकटीच गेले होते, असे मला उठल्यावर वाटले तरी चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला तो मान्य आहे.

सही: उन्नती आत्माराम चुरी

उन्नतीने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर. सही करताना ती पूर्ण शुद्धीत होती आणि घाबरलेली होती.

साक्षीदार:
१. मटिल्डा तुस्कानो, राहणार भुईगाव
२. धनेश म्हात्रे, राहणार भुईगाव, फुले न्यायला आलो होतो

ठिकाण: भुईगाव, ता. वसई, जि. पालघर
दिनांक: ९ डिसेंबर २०२४