हिचा डोळा आणि आमचा पूल

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून काळजी करायची नाही. बी.पी.चे डॉक्टर म्हणाले, आजोबा, डोक्यात साठवू नका, लिहून मोकळे व्हा. म्हणून ही वही.

काळजी एकच. पूल. डोळ्यांचं हॉस्पिटल नदीपलीकडे. हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दुसऱ्यांदा हुकली. दोन्ही वेळा आम्ही टॅक्सीत, टॅक्सी पुलाच्या मधोमध. पूल म्हातारा, एका अंगाला खचलेला, म्हणून एकच लेन चालू. पोहोचेपर्यंत डॉक्टर हात धुऊन घरी गेलेले. काउंटरवरची बाई म्हणाली, आता २६ला या, तीही चुकवलीत तर सर तीन महिने परदेशात. घरी आल्यावर हिने चहात साखर म्हणून मीठ घातलं. मी प्यायलो.

निश्चय: २६च्या आत पुलावरचं ट्रॅफिक मोकळं करणार. कसं, ते उद्या.

४ फेब्रुवारी

नगरपालिकेत गेलो. पूल हायवेवाल्यांचा म्हणाले. हायवेच्या ऑफिसात गेलो. मधल्या खांबापर्यंत नगरपालिकेचा, पुढचा आमचा, म्हणाले. तरीच कठडा अर्धा हिरवा आणि अर्धा निळा आहे. मला वाटायचं, रंग संपला असेल.

तिथल्या क्लार्कने समजावून सांगितलं, आजोबा, दुरुस्तीचा निधी मंजूर आहे, फक्त आलेला नाही. वाटेत आहे.

मग आमच्याच पुलावर अडकला असेल! हे उत्तर मला जिना उतरताना सुचलं. परत वर जाणार होतो, पण गुडघा. पुढच्या वेळी आधी हेच बोलायचं.

६ फेब्रुवारी, दुपार

सरकारची वाट बघायची नाही. सकाळी शिट्टी घेऊन पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो. दोन्हीकडच्यांना शिस्तीत ‘या’ अशी खूण केली. दोन्हीकडचे आले.

मधोमध एक बस आणि एक ट्रक नाकाला नाक लावून उभे. ट्रकवाला ओरडला, ओ बाबा, घरी कोणी बघत नाही का तुमच्याकडे? पुलाशेजारच्या पंक्चरवाल्याचं म्हणणं, काका, तुम्ही यायच्या आधी बरं चाललं होतं. जळतो. घरी सूनबाईंनी शिट्टी काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली. माझा हात पोहोचत नाही तिथे.

१० फेब्रुवारी

सापडलं! दोष ट्रकांचा आहे. ट्रक काढले की बाकीचे भुर्रकन जातील. आणि ट्रकवाला माणसाला जुमानत नाही, बोर्डाला जुमानतो.

बोर्ड! चौथीपर्यंतच शिकलो, पण जन्मभर बोर्ड रंगवले. या गावातली निम्मी दुकानं माझ्या अक्षरांवर चालली. डोकं आहे, हात आहे, माळ्यावर पत्रा आहे. पिवळ्यावर काळं: पूल कमकुवत आहे. अवजड वाहनांस मनाई. खाली छोट्या अक्षरात, हुकुमावरून.

यात खोटं काही नाही. हुकूम कुणाचा ते लिहिलेलंच नाही.

हिने विचारलं, अहो, टर्पेंटाइनचा वास कुठून येतोय? गुडघ्याला चोळलं, म्हणालो. ही म्हणाली, बरं वाटतंय का? खूप, म्हणालो. डोळा अधू झाल्यापासून हिचं नाक फार चालतं.

१३ फेब्रुवारी, सकाळ

उजाडायच्या आत बोर्ड खांबाला तारेने बांधून आलो. दोनदा मागे वळून बघितला. सुरेख.

सुरुवातीला गोंधळ व्हायचाच. बोर्ड वाचून ट्रक थांबले आणि तिथल्या तिथे वळायला लागले. ट्रॅफिक मंडईपर्यंत गेलं. मुलगा ऑफिसला उशिरा पोहोचला. मोठ्या कामात असं होतं.

१६ फेब्रुवारी

एकही ट्रक नाही. बस अशी गेली की बघतच राहिलो. मुद्दाम बसून गेलो आणि लगेच परत आलो. पंक्चरवाला कुरकुरतोय, धंदा बसला म्हणे. लोकांच्या भल्यासाठी थोडं सोस म्हणालो. त्याने सायकलचा पंप आपटला.

ही विचारते, या वेळी पोहोचू ना हो? मी म्हणालो, माझ्यावर सोड. ती एवढंच म्हणाली, सोडलंय की केव्हाच. काळजी अजिबात नाही. डॉक्टरांना सांगायला हवं.

१९ फेब्रुवारी

दोन जीप आल्या. एक नगरपालिकेची, एक हायवेची. दोन इंजिनिअर बोर्डासमोर उभे. मी मागे.

पहिला दुसऱ्याला म्हणाला, तुम्ही पूल तपासलात आणि आम्हाला कळवलं नाहीत? दुसरा म्हणाला, मला वाटलं तुम्हीच. मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पहिला म्हणाला, काही म्हणा, अक्षर काय आहे! अशी हाताची अक्षरं आता बघायला मिळत नाहीत. माझा ऊर भरून आला. ऊर भरलेला असताना बोलता येत नाही.

मग दोघांचं एकमत झालं. कमकुवत म्हणून लेखी आहे, उद्या काही झालं तर मान आपली अडकेल. पूल बंद. सगळ्याच गाड्यांना. तपासणी होईपर्यंत. तपासणीला निधी लागेल.

निधी वाटेत आहे.

२० फेब्रुवारी

हायवेच्या ऑफिसात जाऊन खरं सांगणार. आज बी.पी. आहे. उद्या.

२१ फेब्रुवारी

गेलो. क्लार्क जेवायला गेला होता. माझ्याकडून कसूर नाही.

२३ फेब्रुवारी

सांगितलं! स्पष्ट शब्दांत, बोर्ड माझा आहे. क्लार्क हसला. म्हणाला, आजोबा, बोर्डाचा फोटो आमच्या रिपोर्टात लागला, वरपर्यंत गेला, आता तो सरकारी आहे. तुम्हाला उन्हाचा त्रास झालाय. पाणी दिलं. थंड होतं.

जेवताना मुलगा म्हणाला, कुठल्या गाढवाने तो बोर्ड लावला कोण जाणे. मी म्हणालो, जाणकार असेल कोणीतरी. सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग भाजी वाढली.

२५ फेब्रुवारी

उद्याचा प्लॅन पक्का. टॅक्सी ठरवली. नदीच्या वरच्या अंगाला दुसरा पूल आहे, त्यावरून, लांबच्या रस्त्याने. पहाटेच निघायचं.

ही म्हणते, पूल गाड्यांना बंद आहे ना, माणसांना नाही. मी आणि सूनबाई चालत जातो. मी कडाडलो, बोर्ड वाचला नाहीस का, पूल कमकुवत आहे! ही म्हणाली, वाचता आलं असतं तर ऑपरेशन कशाला लागलं असतं?

बायकांना धोका समजत नाही. आज मी स्वतः पुलावर वाकून बघितलं. मला तरी तो हलतोय असं वाटलं.

२६ फेब्रुवारी, टॅक्सीत

हिने ऐकलं नाही. फाइल काखोटीला मारून सूनबाईंबरोबर चालत निघून गेली. मी टॅक्सीने निघालो, शाल आणि थर्मास घेऊन. कोणीतरी वेळेवर पोहोचायला हवं.

सगळं गाव लांबच्या रस्त्यावर. पुढे ट्रक, मागे ट्रक. शेजारचा ट्रकवाला ओळखीचा निघाला. शिट्टी कुठाय बाबा, असं विचारतो.

तीच तारीख, संध्याकाळ

पोहोचलो. ऑपरेशन सकाळीच झालं होतं. या दोघी वेळेच्या आधी हजर. पुलावर चिटपाखरू नव्हतं, छान वारा होता, म्हणाल्या. सर म्हणाले, आज पहिल्यांदाच पेशंट लवकर. थर्मासमधला चहा गार. सूनबाईंनी तो बेसिनमध्ये ओतला, मला न विचारता.

तरी पूल कोणामुळे रिकामा होता, हे कोणी बोलत नाही.

२८ फेब्रुवारी

काल पट्टी काढली. आज पुन्हा दाखवून आलो आणि चालत परतलो. पुलावर मी हिचा हात घट्ट धरला होता, तिला आधार म्हणून. ही म्हणाली, अहो, डोळे उघडा, संपला पूल.

आमच्या टोकाला ही थांबली. बोर्डासमोर. हळूहळू, एकेक शब्द मोठ्याने वाचला. किती दिवसांनी काही वाचत होती. खालचं हुकुमावरूनसुद्धा वाचलं. मग जवळ जाऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. आमच्या लग्नानंतर दुकानाचा पहिला बोर्ड रंगवला होता, तेव्हा फिरवलं होतं तसंच.

मला वाटलं, आता अक्षराबद्दल काही बोलेल.

म्हणाली, गुडघ्याचं टर्पेंटाइन उरलंय का हो थोडं? उरलं असेल तर उद्या सकाळी येऊन हे पुसून टाका.

उद्या बघू. आज गुडघा खरंच दुखतोय.