मधली कुंडी रिकामी ठेव

कुपवाड,
कार्तिक शुद्ध सप्तमी

प्रिय अपेक्षा,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंनी खिडकीला तीन लांबट कुंड्या बसवल्या, त्यांत काय लावू, असं तू परवा विचारलंस. कारखान्यात आवाज आहे म्हणून मी फोन ठेवला. आवाज रोजचाच होता.

तर सावकाश लिहितो. ज्या कुंडीवर ऊन जास्त पडतं, तिच्यात चिनी गुलाब लाव. बाळाच्या गडबडीत एखादा दिवस पाणी घालायचं राहिलं तरी तो रुसत नाही. स्वयंपाकघराकडच्या कुंडीत पुदिना आणि पानओवा. ओव्याच्या भज्यांवर जावईबापू खूश असतात. बुडाला भोकं मोठी पाड, तुमच्या मेढ्याचा पाऊस मुळं कुजवतो. मधली कुंडी मात्र रिकामी ठेव. का, ते पुढे सांगतो.

आजी बाळाला घेत नाही, म्हणून तू रागावलीस. "आप्पा, हिला पणजी झाल्याचा आनंदच नाही," म्हणालीस. बाळंतपणाला इथे होतीस तेव्हाही ती फक्त पाणी तापवून द्यायची. न्हाऊ घालायला शेजारच्या हरणाबाई यायच्या. जिने अर्ध्या गावाची पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातली, ती घरच्या बाळापासून हातभर लांब बसायची. तुझ्याबरोबर मेढ्याला आली, तरी तसंच. मी बघत होतो आणि गप्प होतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आजीने आपल्या खिडकीतल्या कुंडीत काहीतरी पेरलं होतं, आठवतं? तो दवणा होता. दर चैत्रात ती जोतिबाच्या डोंगरावर दवणा वाहायची. आता गुडघे चढू देत नाहीत. म्हणून तिने बोलून ठेवलं होतं, नात सुखरूप मोकळी झाली पाहिजे, यंदा माझ्या हातचा दवणा देवाला जाईल. बी राखेसारखं बारीक. रोज सकाळी बोटांनी पाणी शिंपडायची, भांड्याने ओतू द्यायची नाही.

पौषात ती चार दिवस गावी गेली. त्याच आठवड्यात शिवतेजला बघायला पाहुणे येणार होते. तुझ्या भावाचं जमावं म्हणून मी घराला रंग दिला, पडदे बदलले, आणि मिरजेच्या नर्सरीतून जांभळ्या फुलांची रोपं आणली. कुंडीत पाहिलं तर बारीक चिरलेल्या पानांची रोपटी. मला वाटलं, तिचं बी उगवलंच नाही, हे गाजर गवत. जन्मभर बांधावरून उपटत आलोय, हात थांबलाच नाही. मुठीने उपटून कचऱ्यात टाकली आणि फुलांची रोपं लावली. हात धुवायला गेलो, तेव्हा बोटांना वास आला. देवाच्या गाभाऱ्यातला वास. खाली धावलो तर घंटागाडी कोपऱ्यावरून वळत होती. हाक मारता आली असती. पाहुणे जिन्यात होते. मी परत वर आलो.

आजी आली, कुंडीपुढे उभी राहिली. मी म्हणालो, "कबुतरांनी उकरलं गं." तिने फुलं बाजूला सारून खालची माती बघितली. मग म्हणाली, "कबुतरांचं काय चुकलं रं? देवालाच माजा हात नगं आसंल." चैत्र रिकामा गेला. त्या दिवसापासून तिने मातीत हात घातला नाही, आणि बाळालाही लावला नाही. आपल्या हाताला दोष आहे, तो लेकराला लागेल, एवढंच तिच्या मनात आहे. मी रोज पूजेला बसतो, गंध उगाळतो, आणि मधेच बोटं हुंगतो. दहा महिने देवापुढे हात जोडतोय, पण आईपुढे तोंड उघडलं नाही.

हे सगळं फोनवर सांगायला चारदा नंबर लावला. आजीचा आवाज आला की "जेवलीस का?" एवढंच निघायचं. म्हणून हे पत्र. आधी तू वाच, मग तिला मोठ्याने वाचून दाखव, कबुतरांचं खोटंही गाळू नकोस. तिचा हात देवाने नाकारला नव्हता, तिच्या लेकाने तिचा दवणा उपटला. हे ऐकल्यावर बाळ तिच्या मांडीवर ठेव. सोबतच्या पुडीत दवण्याचं बी आहे. मधल्या कुंडीत ते तिलाच पेरू दे, चैत्राला अजून वेळ आहे. रविवारी मी येतो. ती बोलली नाही तरी चालेल, मी खिडकीशी बसून राहीन. पाणी मात्र तिने सांगितल्याशिवाय घालणार नाही.

तुझाच,
आप्पा