मामांची गाडी आणि मऊ टायर

तीर्थरूप मामांना आणि मामींना वाकून नमस्कार,

‘गाडी नीट नांदतेय ना?’ हा तुमचा दर फोनवरचा पहिला प्रश्न. आईची तब्येत, माझी नोकरी, बाबांचा रक्तदाब ही चौकशी त्यानंतर येते. त्याबद्दल आमची तक्रार नाही, कारण तुम्ही ती गाडी पोटच्या मुलीसारखी सांभाळलीत आणि डोळ्यांत पाणी आणून तिची किल्ली आईच्या हातात ठेवलीत. पण मामा, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. पदवीधर झाल्यापासून घरात मला एखादी गोष्ट येत नाही हे कुणाला पटत नाही. औषधाच्या बाटलीवरचं बारीक वाचण्यापासून शेजारच्यांचं लग्न का मोडलं इथपर्यंत सगळं मलाच विचारतात. तरीही सांगते, गाडी आमच्याकडे नांदतेय, की आम्ही गाडीकडे नांदतोय, आणि यात सासुरवास कोण कुणाला करतंय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डोळा कसा आहे? पट्टी निघेपर्यंत वाचायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणजे हे पत्र मामी वाचून दाखवत असणार. म्हणून मी एक सोय केली आहे. मामी, कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे. तो मनातल्या मनात वाचा आणि पुढे चला. मामांनी ‘का थांबलीस?’ विचारलं तर अक्षर लागत नाही म्हणा. (हे वरचंही कंसातच लिहायला हवं होतं. आता राहू दे.)

आधी मुद्द्याचं. ऑपरेशन झालं तरी सख्खी बहीण डोळा बघायला आली नाही, हे तुम्हाला लागलं आहे. तुम्ही तसं बोलला नाहीत. ‘तिला सवड होईल तेव्हा येईल’ एवढंच म्हणालात. आईने फोन ठेवला आणि तिच्या कामाच्या लॉन्ड्रीतून घरी आणलेला अख्खा गठ्ठा इस्त्री करून काढला, आणि त्यातले निम्मे कपडे आधीच इस्त्री झालेले होते. मामा, तिला सवड आहे. तिला कंबर नाही. आणि कंबर नसण्याचं कारण तुमच्या गाडीचे टायर आहेत. हे तुम्हाला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती, ती मी मोडते आहे, कारण सत्य लपवून टिकवलेलं नातं टिकलं असं म्हणता येत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. (मी हे लिहिलं हे आईला अजिबात कळू देऊ नका.)

त्या गाडीला होते ते रन-फ्लॅट टायर. पंक्चर होऊन हवा गेली तरी ते बसत नाहीत, कारण त्यांच्या बाजू इतक्या जाड असतात की गाडी तशीच गॅरेजपर्यंत चालत जाते. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण हवा नसताना जो टायर वाकत नाही, तो हवा असताना तरी कुणासाठी वाकणार? रस्त्यात आगपेटीची काडी पडली असेल तर ती आम्हाला बसल्या जागी कळायची, फक्त जळकी की कोरी तेवढं सांगता यायचं नाही. आवाज असा, की पुढच्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मागचा घरी उतरल्यावर द्यायचा. बाबा पडले लिफ्टदुरुस्तीतले. गतिरोधक दिसला की ते ‘वर’ म्हणून पुकारायचे आणि आम्ही सगळे हातांवर जोर देऊन सीटपासून चार बोटं उठायचो. मग ‘खाली’. आजी, म्हणजे बाबांची आई, हे इतकं मनापासून करायची की बाजारात पाहणाऱ्यांना वाटायचं आम्ही कुणाला तरी मान देतोय.

आई तुमच्याकडे यायला दोनदा निघाली होती. एकदा पेट्रोल पंपापर्यंत आणि एकदा बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही वेळा तिला घरी काहीतरी विसरल्याचं आठवलं, आणि दुसऱ्यांदा काय विसरलं हे तिला घरी परतूनही सांगता आलं नाही. ती बराच वेळ फरशीवर पडून होती. कानातलं शोधतेय म्हणाली. नजर छताकडे होती. बसने यायचं तर बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, आणि ‘मी दिलेली गाडी काय शोभेला ठेवलीय का?’ असं तुम्हीच म्हणाला असता. भाड्याची गाडी करायची तर तेच.

तेव्हा टायर बदलायचे हे मी ठरवलं, आणि कुठले ते ठरवण्यासाठी घरात सभा घेतली. माझा विषय राज्यशास्त्र होता. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयात वाटा हवा, हे मी तीन वर्षं शिकले आणि ते मला खरोखर पटलेलं आहे. आईने, जिच्या कंबरेसाठी हे चाललं होतं, तिने सांगितलं की तिला काहीही चालेल, आणि ती भांडी घासायला उठली. आजीने टायर काळेच घ्या म्हणून सांगितलं. (दुसऱ्या रंगाचे मिळत नाहीत हे तिला माहीत आहे. तिला आपलं ऐकलं गेलंय एवढंच हवं असतं.) बाबांचा मात्र विरोध होता. त्यांनी आयुष्यभर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढली आहेत. त्यांच्या मते माणसाला त्रास झाला तर तो सोसतो, पण अडकला की रडतो. साधे टायर घातले आणि वाटेत पंक्चर झालं, तर बायको मधल्या मजल्यावर अडकणार, हे त्यांना झोपेत दिसायला लागलं. शेवटी मतदान झालं. दोन विरुद्ध एक, आणि एक भांडी घासत होती.

टायरवाला भला माणूस आहे. हवा भरायच्या यंत्राशेजारी बसून बसून त्याचे कान गेले आहेत, आणि कमी आवाजाच्या टायरबद्दल सगळ्या गावाला तोच सल्ला देतो. हे एकदम शांत बघा ताई, असं त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. मी त्याला विचारलं, तुम्हाला कसं कळतं शांत आहेत ते? तर म्हणे, तक्रार घेऊन आलेलं अजून कुणी ऐकलं नाही. पण त्याने टायर समोर मांडून समजावलं. मोठ्या खाचांचे टायर चिखलात धरतात पण डांबरावर गुणगुणतात. काही वर्षानुवर्षं झिजत नाहीत, पण तेवढे ते दगडही असतात. आणि काही बारीक नक्षीचे, मऊ बाजूंचे, ते लवकर झिजतात पण माणसाला झिजवत नाहीत. माप आणि वजन पेलण्याची ताकद मात्र जुन्याइतकीच हवी, त्यात मऊपणा चालत नाही. मी मऊ घेतले.

बाबांची त्यावर परीक्षा होती. लिफ्ट दुरुस्त झाली की ते आत जमिनीवर नाणं कडेवर उभं करतात. वरच्या मजल्यापर्यंत नाणं पडलं नाही तर काम पास. तेच नाणं त्यांनी गाडीत पुढच्या काचेखाली उभं केलं, आणि ते पडू नये म्हणून गाडी इतकी सावकाश चालवली की एक आजोबा आम्हाला काठी टेकत मागे टाकून गेले. नाणं पडलं नाही. टायर पास झाले. मी नाण्याकडे बघतच नव्हते. मी आईचा हात बघत होते. गाडीत बसली की तिचा हात खिडकीच्या वरची मूठ घट्ट धरून असायचा, इतका की त्या मुठीचा रंग उडालाय. त्या दिवशी बाजार ओलांडेपर्यंत तो हात खाली आला आणि मांडीवर पडून राहिला. पुढच्या गतिरोधकाला बाबा सवयीने ‘वर’ म्हणाले, आम्ही सवयीने उठलो, आणि खालून काहीच न आल्यामुळे तिघींची डोकी छताला लागली. आजी म्हणाली, पैसे परत माग.

आता खरी अडचण. गाडी शांत झाली आणि आम्हाला एकमेकांचं ऐकू यायला लागलं. आधी कुठलासा स्क्रू वाजतोय असं कळलं, मग बाबांच्या नाकाची शिट्टी, मग आजीचं आम्हा सगळ्यांविषयीचं मत, जे ती गाडीत बसली की कायम बोलत असावी. मग बाबा गाडीविषयी काहीतरी बोलले. कौतुकच म्हणा ना. (‘गाडी दिली खरी, स्प्रिंगा स्वतःकडे ठेवल्यान भल्या माणसाने,’ असं म्हणाले. ते रोज असंच काही म्हणत आले होते. आवाजाच्या आड माणूस जसं बोलतो तसं.) आईने मान वळवून विचारलं, इतकं कळत होतं तर इतके दिवस गप्प का बसलात? बाबा म्हणाले, तुझ्या भावाची गाडी, तूच छान आहे छान आहे म्हणायचीस. आई म्हणाली, मी भावासाठी म्हणत होते, तुम्ही कुणासाठी गप्प होतात? बाबा म्हणाले, तुझ्यासाठी. त्यानंतर घर येईपर्यंत कुणी बोललं नाही, आणि मामा, टायर खरोखरच उत्तम आहेत, कारण ते न बोलणंसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं.

दोघं एकमेकांवर रागावले. म्हणजे काय, तर बाबा तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायचे आणि मला सांगायचे, तुझ्या आईला सांग पाणी तापलंय. आई तिथेच उभी असायची. संवादाने सगळं सुटतं असं मी निबंधात लिहिलं होतं, त्याला चांगले गुणही मिळाले होते. तो मी परत वाचून पाहिला. त्यात टायरांचा विचार केलेला नाही.

तुमच्याकडे यायचं म्हटल्यावर बाबांनी अट घातली, स्टेपनीशिवाय गाडी निघणार नाही. रन-फ्लॅटच्या गाडीत स्टेपनीला जागाच ठेवलेली नसते. टायरवाल्याने पंक्चर बुजवायच्या फेसाची डबी आणि छोटा पंप देऊ केला, पण डबीतल्या फेसाच्या भरवशावर बायकोला पाठवणार नाही असं बाबांनी त्याला सांगितलं. (आई आत काउंटरपाशी होती. तिने ऐकलं. तिला ऐकू जावं इतक्या मोठ्याने त्यांना बोलावंच लागलं, कारण टायरवाला बहिरा.) डिकीत आईच्या कंबरेचं आसन, शेकायची पिशवी आणि तुमच्यासाठीचं सामान, म्हणून स्टेपनी मागच्या सीटवर आली. तिच्या वजनामुळे गाडीला वाटलं कुणीतरी बसलंय, आणि पट्टा लावेपर्यंत ती पिंपिं करत राहिली. आता स्टेपनी पट्टा लावून बसते. तिच्या शेजारी बसायला आजीने साफ नकार दिला, ती वाऱ्याची जागा आजीची होती. आजीला एकटीला घरी ठेवता येत नाही. म्हणून ठरलं असं, की आजीजवळ बाबा राहतील, आणि आईला घेऊन मी येईन. मला गाडी येते हे बाबांना मान्य आहे, फक्त ते बघवत नाही.

थोडक्यात, आई येणार आहे. तिच्यावर रुसू नका. ती तुमच्यामुळे आली नाही हे खरं आहे, पण ते तुमच्यासाठीच, तुमच्या गाडीला नाव ठेवावं लागू नये म्हणून.

मामींच्या गुडघ्याला जपा.

तुमची आज्ञाधारक भाची

ता.क. एक विनंती राहिली, आणि खरं तर त्यासाठीच हे सगळं लिहिलं. बाबांना एक फोन करा आणि म्हणा, की ते टायर तुम्हालाही कडकच लागत होते. तसं नसेल तरी म्हणा. त्याशिवाय त्यांना आपण बरोबर होतो असं वाटणार नाही, आणि तसं वाटल्याशिवाय ते आईची माफी मागणार नाहीत. (सत्याविषयी मी वर जे लिहिलंय ते तत्त्व म्हणून अजूनही बरोबर आहे.)

ता.क. मामी, एव्हाना मामांनी कंसातलंही वाचून घेतलंच असेल. नसेल तर आता वाचून दाखवा. स्प्रिंगांचंसुद्धा.

ता.क. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी ते तुमच्या फाटकासमोर, गाडीत बसून, स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहिलं आहे. आई शेजारी झोपली आहे. पुलाच्या अलीकडे तिचा डोळा लागला. घरी ती रात्रभर कूस बदलत असते, त्यामुळे मला ती उठवेना. थांबले तर जागी होईल म्हणून आधी मी तुमच्या घराला फेऱ्या मारत राहिले, इतक्या की कोपऱ्यावरच्या दुकानदाराने कुणाचं घर शोधताय म्हणून विचारलं. मग हळूच थांबले. ती तरीही झोपलेलीच आहे, तोंड जरासं उघडं आहे, आणि हात मांडीवर आहेत. मामा, तुम्ही दारातूनच ‘आलीस का गं?’ म्हणून हाक माराल, तशी मारू नका. मामींचा हात धरून, चपला न घालता बाहेर या आणि मागच्या सीटवर बसा. एका बाजूला स्टेपनी आहे, दुसरी तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे. दार ओढून घ्या, आपटू नका. ती उठेल तेव्हा उठेल.

हे मी आता दाराखालून सरकवते आहे. तुमच्याकडे सारखं कुणी ना कुणी बेल वाजवत असतं, म्हणून दाराबाहेरची बेल मी सोडवून ठेवली आहे. तारांना चिकटपट्टी लावली आहे, आणि बटण मामींच्या तुळशीमागे ठेवलं आहे.