फीडरवरचा हार

प्रिय बाळासो,

तुझी म्हैस व्याली, रेडी झाली, हे राधानगरीहून आलेल्या बयाबाईकडून कळलं. तू कळवलं नाहीस. तुझे दाजी गेल्यापासून तू भाऊबीजेला आला नाहीस. दर वर्षी मी पाट मांडते आणि संध्याकाळी उचलून ठेवते.

माझं बरं चाललंय. पूर्वी पुड्यांचे कागद अक्षर लावून लावून वाचायची, आता वाचनालयातली जाड पुस्तकंही उरकते. हे पत्रही कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

बातमी पृथ्वीराजची आहे. तुझा भाचा शिरोलीच्या त्याच कारखान्यात वेल्डर म्हणून लागला, आणि आता त्याला ऑटोमॅटिक वेल्डिंगवर घेतलंय. दाजींच्याच मशीनवर. साखर कारखान्यांच्या टाक्यांचे लांबच लांब जोड अजून तेच मशीन लावतं. रुळावरून गाडी सरकते आणि तिच्यावरचा फीडर जाड तार रोलरमधून खाली सोडत राहतो. तार गुंतली की फीडरचं झाकण उघडून सोडवायची. झाकण उघडलं की आतला स्विच सुटतो आणि गाडी, रोलर सगळं थांबतं. तुला मी हे काय सांगू, तू दाजींचा जोडीदार होतास.

पोराला सगळ्यांनी हेच सांगितलंय की काम झटपट व्हावं म्हणून त्याच्या बापानं तो स्विच बांधून ठेवला होता आणि त्यातच त्याचा जीव गेला. साहेबांनी कागदावरही तसंच लिहिलं. परवा जेवताना म्हणाला, "आबांनी नको तो शहाणपणा केला. मी न्हाय करत. झाकण उघडलं की मशीन थांबतंय, भ्यायचं काय त्यात?" माझी तव्यावरची भाकरी करपली. मी म्हटलं, तरी आधी मेन स्विच पाड, मगच हात घाल. तर हसला. "आई, तू आपली पुस्तकं वाच की."

खंडेनवमी आठवड्यावर आली. त्यानं झेंडूचा हार सांगून ठेवलाय, फीडरला घालायला, बापाच्या नावानं. तुमच्या खात्यात तो हार दिवाळीपर्यंत कुणी काढत नाही, आपोआप गळू द्यायचा.

दाजी गेल्यावर मला कारखान्यात नेलं, तेव्हा हार मशीनवरच होता. फुलं सुकलेली. दोरा झाकणाच्या फटीतून आत गेलेला आणि स्विचच्या दांडीवर आवळून बसलेला. झाकण उघडं होतं, तरी स्विच दाबलेलाच. दाजींनी काही बांधलं नव्हतं. झाकणावर भरवसा ठेवून ते आत वाकले आणि गाडी त्यांच्यावर सरकत आली. मी दोऱ्याकडं बघितलं, मग तुझ्याकडं. हार तू घातला होतास. तू मान खाली घातलीस आणि त्याच आठवड्यात गाव गाठलंस.

तुला बोल लावायला मी बसले नाही. हार घालणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण पृथ्वीराज माझं ऐकत नाही, आणि तुझ्यामागं तुझं नाव घ्यायला माझी जीभ वळत नाही. खंडेनवमीच्या आधी ये. त्याला मशीनपाशी उभा कर आणि दोरा कुठं अडकला होता ते तुझ्या हातानं दाखव. त्याचा बाप चुकला नव्हता, हे त्याला मामाच्या तोंडून कळू दे. नाही आलास तर पूजेच्या सकाळी मी गेटवर उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन, तुझ्या नावासकट. तेवढी वेळ माझ्यावर आणू नकोस.

तुझीच,
आक्का