पॅलिएटिव्ह म्हणजे काय

३ फेब्रुवारी
ती. दादास,
सा. न. वि. वि.
काल ह्यांना वरच्या मजल्यावर हलवलं. स्वतंत्र खोली, मोठी खिडकी, रोजच्या सुया बंद. कारखान्यातले लेथवाले मित्र म्हणाले, वहिनी, आता उतार पडला म्हणायचा. दारावर पाटी आहे ‘पॅलिएटिव्ह’. डॉक्टर घाईत होते, विचारायचं राहिलं. तू जन्मभर कोशाच्या कचेरीत इंग्रजी शब्दांची कुळं धुंडाळतोस, तेव्हा हे खातं तुझंच. हे सारखे घरी चल म्हणतात, मी रागावते. ठकीला बोलावून घेऊ का? पण परीक्षा तोंडावर आलीय पोरीची.
तुझी छबी

७ फेब्रुवारी
चि. छबीस,
अनेक आशीर्वाद.
शब्द लॅटिन. मुळात अंगावर घ्यायचा झगा. त्यावरून झाकणं, पांघरूण घालणं. भाऊजींना आराम पडावा म्हणूनच ही सोय. ‘पेशंट’ शब्दाचं मूळही सोसणं हेच, तेव्हा हट्ट पुरे असं त्यांना माझ्या वतीने बजाव. ठकीला पेपर देऊ दे. तू वेळेवर जेवत जा.
तुझा दादा

२३ फेब्रुवारी
दादा,
तुझं पत्र आल्यापासून आठ दिवस मी ह्यांना रोज दटावलं, की बरे व्हा, मग घरी. अठराला चादर बदलणाऱ्या नर्सबाईंना विचारलं, कधी सोडणार? त्यांनी चादर तशीच टाकली, मला बाकावर बसवलं. म्हणाल्या, ताई, इथे आजार बरा करत नाहीत, फक्त दुखणं कमी करतात. मी तुझं पत्र पुढे केलं. वाचून त्यांनी घडी घालून परत दिलं.
त्याच दुपारी घरी आणलं. आपल्या कॉटवर दोन दिवस मिळाले. ठकी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. शेवटपर्यंत हे दाराकडे बघत होते. मला आधी का नाही कळवलंस, म्हणून पोर माझ्याशी बोलत नाही. तिला मी काय सांगू?
छबी

२७ फेब्रुवारी
चि. छबीस,
अर्थ ठाऊक होता. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी करताना आम्ही आधी मूळ लिहितो, मग आज लोक तो कशासाठी वापरतात ते. तुझ्या पत्रात दुसरं चारदा लिहिलं, चारदा फाडलं. तुला जपतोय असं वाटलं होतं. जपलं मी मलाच.
चार मार्चला सकाळी पोचतो. तू ठकीला काही सांगू नकोस, तिच्यासमोर बसून मीच सांगेन. नंतर तिने मामा म्हणायचं सोडलं तरी तिला अडवू नकोस.
लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
दादा