ओढ्याकाठची कोकोबाग

मी याव अप्राकू, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा कोकोची शेती, राहणार ओडुमाकुरो, आहाफो भाग, देश घाना, आज पूर्ण शुद्धीवर राहून आणि सकाळी उकडलेली केळी पालेभाजीबरोबर पोटभर खाऊन हा कागद करून ठेवत आहे. लिहिणारे आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर ग्याम्फी आहेत, कारण माझं अक्षर मला स्वतःलाही लागत नाही. शब्द मात्र माझे आहेत. मास्तरांनी मध्ये मध्ये ते सुधारायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार नव्हता. आता डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय. माझी बायको फोरिवा म्हणते, "कामानं थकत असतं, तर माझं केव्हाच बंद पडलं असतं."

कलम एक. राहतं घर, पत्र्याचं, चार खोल्यांचं, हे फोरिवा आणि आमची मुलगी सेर्वा यांचं. मागची खोली गळते. ती मी तीस वर्षं उद्या दुरुस्त करणार होतो, ते काम घराबरोबर त्यांच्याकडे जाईल.

कलम दोन. माझ्या सर्व बागा स्वकष्टाच्या आहेत. तरुणपणी मी इथल्या राजाकडे जंगल मागितलं. त्यानं बोट करून हद्द दाखवली, मी चार माणसांसमोर मेंढा आणि जिनची बाटली देऊन आभार मानले, त्यांनी ती प्यायली, आणि जमीन माझी झाली. आमच्याकडे देणं असंच पुरं होतं. देणारा नुसता 'दिलं' म्हणाला तर तो वारा आहे. घेणाऱ्यानं आभाराची बाटली आणायची, देणाऱ्याच्या माणसांनी ती प्यायची, म्हणजे मग प्यायलेल्या तोंडानं पुढे कुणाला नाही म्हणता येत नाही. हा नियम मला तेव्हाही नीट ठाऊक होता. हे वाक्य मी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, कारण पुढे कलम चार आहे.

कलम तीन. डोंगराकडच्या बागेतला अर्धा भाग इसिफूचा. तो उत्तरेकडून हातात एक पिशवी घेऊन आला आणि माझ्या रिकाम्या जमिनीवर त्यानं बाग उभी केली. लावणाऱ्याला अर्धी, हा आमचा करार होता. उरलेली अर्धी माझा भाचा बेडियाको याला. इसिफूला तिथून हुसकावण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर त्यानं आधी इसिफूचा कोयता चालताना बघून यावं.

कलम चार. ओढ्याकाठची बाग, सहा एकर, माझी बायको फोरिवा हिला.

एवढं लिहून थांबावं असं मास्तरांचं मत पडलं. मी थांबणार नाही.

ज्या वर्षी वणव्यांनी निम्मा देश जाळला, त्या वर्षी माझी ओढ्याकाठची सगळी झाडं गेली. शेजाऱ्यांनी मका आणि कसावा लावला. पोटाला तेच हवं होतं, त्यांचं चुकलं नाही. मी काळ्या खोडांमध्ये बसून होतो. फोरिवा आली, म्हणाली, "रडून झालं असेल तर खड्डे खणा. रोपं मी केलीत." तिनं घरामागे, मला न सांगता, चारशे रोपं केली होती. ओढ्यातून पाणी डोक्यावरून आणून ती तिनं जगवली, सावलीला मध्ये केळी लावली, आणि ती केळी विकून आम्ही जेवलो. सेर्वा तेव्हा तिच्या पाठीवर बांधलेली असायची. चौथ्या वर्षी झाडं शेंगांनी लगडली. त्या आनंदात मी जेवता जेवता म्हणालो, "ही बाग तुझी."

दुसऱ्याच दिवशी ती बाटली घेऊन आली, आणि सोबत दोन शेजारी. मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, "वेडी का काय! नवरा-बायकोत आभार कसले? ठेव ती आत." शेजारी म्हणाले, बघा, याला म्हणतात नवरा. सगळ्या गावात माझं नाव झालं.

आता खरं सांगतो. मी बाटली घेतली असती, तर बाग खरोखर गेली असती. मला दाता म्हणवूनही घ्यायचं होतं आणि बागही सोडायची नव्हती. फोरिवा हे त्याच दिवशी समजली. ती बाटली उचलून आत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बागेत कामाला लागली. बत्तीस वर्षं. याची मला लाज वाटते. ती इथे लिहून ठेवली म्हणजे कमी होईल असं नाही, पण लपणार तरी नाही.

कलम पाच, माझा भाचा बेडियाको याच्याविषयी. आमच्यात मुलं आईच्या कुळाची, त्यामुळे पुरुषाच्या मागे त्याचं सगळं बहिणीच्या मुलाकडे जातं. बायकामुलांसाठी सरकारनं कायदा केला त्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्या कुळाच्या बैठकीत तो अजून कुणी वाचलेला नाही. बेडियाको वाईट नाही, उतावळा आहे. ओढ्याकाठी सोनं शोधणारे लोक येऊन गेले, तेव्हापासून त्याला झोप नाही. मागच्या महिन्यात म्हणाला,

"मामा, एका खड्ड्यातून निघेल तेवढं तुमची झाडं शंभर वर्षांत देणार नाहीत."

"आणि एकशे एकाव्या वर्षी? माती खाशील? तीही ठेवणार नाहीस तू."

"मामीला तुम्ही बाग दिली म्हणता, पण आभार कुठे झाले? कुणी प्यायलंय का?"

पोरगं हुशार आहे. माझ्यावरच गेलंय.

म्हणून त्याच्यासाठी थोडं सविस्तर. बेडियाको, तू ज्या रस्त्यानं मोटरसायकल उडवतोस, तो कोकोवर झाला. सेर्वा कोकोच्या शिष्यवृत्तीवर शिकून नर्स झाली. आपला कोको बंदरातून बाहेर जातो तेव्हा देशात औषधं, तेल, यंत्रं आत येतात. दर हंगामाला मंत्री रेडिओवर भाव सांगतो तेव्हा तो उपकार केल्यासारखा बोलतो. मला त्यात गंमत वाटते, कारण सरकार आमच्या खांद्यावर बसून आम्हाला चालायला शिकवतं. भाव कमी मिळाला तेव्हा लोकांनी पोती सीमेपलीकडे नेली. मी नेली नाहीत. भित्रा होतो म्हणून नव्हे, आपल्या देशाचं नाणं उचलून बघ, त्यावर कोकोची शेंग आहे. शेतकऱ्याचं तोंड नाही, हे खरं, पण शेंग आहे, आणि ती मी पिकवलेली आहे असं मी आजवर धरून चाललो. सोन्याचा खड्डा एकदा देतो आणि ओढा गढूळ करून जातो. झाड दरवर्षी देतं. तुझ्या वाट्याच्या बागेत खड्डा पडला, तर ती अर्धी बागही इसिफूची. मास्तर, हे ठळक लिहा.

कलम सहा, किरकोळ. लांब बांबूला लावलेली शेंगा काढायची आकडी इसिफूला. रेडिओ सेर्वाला, त्याला थापट मारावी लागते. माझा काळा दगड गावाला. खरेदीच्या कारकुनाच्या काट्यावर कोको चढवण्याआधी मी दरवेळी हाच दगड ठेवायचो, आणि तो दरवेळी वेगवेगळा भरायचा. कारकून म्हणायचा, "म्हातारबुवा, दगड वाळत असेल." त्याला माझ्याकडून काही नाही.

बिया आंबवायची रीत फुकट, सर्वांना: केळीच्या पानांत सहा दिवस, दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी ढीग उलटायचा. पाचव्या दिवशी जो ढीग उघडून चटईवर टाकतो, तो देशाचं नाव घालवतो.

कलम सात. माझ्या प्रेतासाठी महागडी पेटी नको. ढोल हवेत.

सही करण्याआधी घडलेलं. वरचा मजकूर मास्तरांनी आमच्या अंगणात मोठ्यानं वाचला. आमच्या कुळाचे प्रमुख नाना ओवुसू, बेडियाको, इसिफू आणि साक्षीदार समोर होते. कलम चार संपलं आणि फोरिवा उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हिरवी बाटली होती, मानेवर धूळ, बूच न उघडलेलं.

मी विचारलं, "ही कधी आणलीस?"

"तुम्ही हसलात त्याच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "कपड्यांच्या पेटीत होती. इतकी वर्षं घर गळलं, पण हिला मी थेंब लागू दिला नाही."

मग ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ओढ्याकाठची बाग मला दिलीत, तिचे हे आभार."

या वेळी मी हसलो नाही. दोन्ही हातांनी बाटली घेतली. थोडी जमिनीवर पूर्वजांना ओतली, मी घोट घेतला, नाना ओवुसूंनी घेतला. पेला बेडियाकोपुढे आला. त्याला कळत होतं की प्यायलं म्हणजे संपलं. तो पेल्याकडे बघत राहिला.

नाना ओवुसू म्हणाले, "पाहुणा आहेस का रे? घरचाच ना? मग पी."

"मामी, मला ओढ्यात पोहायला तूच शिकवलंस," बेडियाको म्हणाला, आणि त्यानं पेला रिकामा केला. मग खोकला. बत्तीस वर्षांची जिन होती.

त्यामुळे शेवटची दुरुस्ती. कलम चार मी रद्द करत आहे. मास्तर घाबरले, म्हणाले, असं कसं? मी म्हणालो, माणसानं मृत्युपत्रात आपली वस्तू द्यावी. ती बाग आजपासून फोरिवाची आहे, माझ्या मरणाची तिला वाट बघावी लागणार नाही. मला उद्या तिथं कोको काढायला जायचं असेल तर तिला विचारावं लागेल. मी लगेच विचारलं. ती म्हणाली, "सकाळी लवकर या. आकडी आणा."

हे सगळं मला वाचून दाखवलं, मला समजलं आणि पटलं, म्हणून सही आणि अंगठा दोन्ही.

याव अप्राकू

साक्षीदार, ज्यांना या कागदातून काहीही मिळणार नाही आणि तरी दोघांनी एकेक घोट घेतला:
१. जोसेफ ग्याम्फी, निवृत्त हेडमास्तर
२. कॉम्फोर्ट बाडू, शिवणकाम करणारी, शेजारीण

ठिकाण: ओडुमाकुरो, आमचं अंगण
तारीख: ९ नोव्हेंबर २०१९