चौथा प्लग

मंगळ., ६ जाने.

आजही गाडी एका चावीत लागली नाही. पांढरा धूर सगळ्या अंगणात. सासरेमामांच्या मेंढ्या शिंकायला लागल्या, मामा खाटेवरून शिव्या द्यायला लागले. हे म्हणाले, हीटर प्लग गेलेत. इतकी वर्षं ऐकून मलाही पाठ झालंय. गारठ्यात डिझेलच्या इंजिनाला आधी आतून ऊब लागते, ते काम ह्या बोटाएवढ्या चार प्लगांचं.

सोमवारी कॉलेज उघडतंय. लोणीतल्या पाच मुली अवसरीला ह्यांच्याच गाडीनं जातात. सुट्टी आहे तोवर मंचरहून मिस्त्री बोलवा म्हटलं. तर म्हणे, ह्या गाडीला बाहेरचा हात कधी लागला नाही. बरं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

बुध., ७

तीन प्लग निघाले. चौथा जाम. पार मागचा, जिथे हात जेमतेम शिरतो तिथला. दुपारभर पाना लावून बसले होते. पाना घसरला, बोटांची सालं गेली. हळद लावली.

"पान्याचं तोंड पसरलंय," म्हणाले.

नंतर मी पाना बघितला. चांगला आहे.

जास्त जोर दिला तर प्लग आतच तुटायचा, मग इंजिन उघडावं लागेल, आणि मग सोमवार विसरा. हे त्यांनीच सांगितलं.

दिवाळीपासून बघतेय. बटणांचे शर्ट खुंटीला, अंगात रोज टी-शर्ट. चहा डाव्या हातानं. परवा तांब्या पडला तर म्हणाले हात ओला होता. विचारलं की मानेची शीर आखडलीय, जाईल. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतात. दुखणं अंगावर काढायचं हे ह्यांच्या घरात सगळ्यांनाच येतं. मामा तर मोडलेल्या पायानं मेंढरांमागे घाट उतरून गेले होते, ते अजून कौतुकानं सांगतात.

गुरु., ८

मामांनी मेंढ्यांच्या औषधांच्या पिशवीतून टर्पेंटाईनची बाटली आणून दिली. जखमेत किडे पडले की ते ओततात.

"किडं निघत्यात तर ह्यो बी निघंल," म्हणाले.

हे हसले. बऱ्याच दिवसांनी. प्लगाच्या भोवती ओतलं, मुरू दे म्हणाले. अंगणाला किडे पडलेल्या मेंढरासारखा वास.

दुपारी सोपानभाऊजी रस्त्यानं जाताना थांबले. चुलत दीर, हातात रेड्याचा जोर. दादा, सरका, मी बघतो म्हणाले. ह्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. "ऱ्हाऊ दे. झालंय." भाऊजी तोंड पाडून गेले.

मला राग आला. माणूस आपणहून आला होता. आणि सावडीचं, कामाच्या बदल्यात कामाचं, देणं तर आपल्याच अंगावर आहे. कांद्याचे वाफे बांधायला भाऊजी आमच्याकडे राबले, त्यांच्या वाफ्यांची पाळी आली तेव्हा हे कंबर धरून घरी बसले. लोक बोलत नाहीत, पण सावडीचं कुणी विसरतही नाही. मी तसं म्हटलं.

म्हणाले, "आधीचीच फिटली न्हाई. आणखी एक कशाला चढवू?"

"मग फेडा ना. जा उद्या फावडं घेऊन."

उठून गाडीकडे गेले. असे उठून गेले की मला आणखी चढतं. भांडी जरा जोरातच घासली.

शुक्र., ९

लिहावं की नाही.

खुरपणीहून लवकर आले. गाडीचं बॉनेट उघडं होतं, हे पाठमोरे. पान्याला लांब पाईप लावलेला. आणि उजवं मनगट पाईपाला बांधलेलं, मेंढीच्या दाव्यानं. दाव्याचं एक टोक दातात धरून गाठ मारली असणार. आणि मग सगळ्या अंगाचा भार टाकून ओढत होते.

मी तशीच मागे फिरले. बांधापर्यंत गेले आणि मामांना मोठ्यानं हाक मारत परत आले. तोवर दावं सुटलं होतं. मनगटावर वळ. मी वळाकडे बघितलं नाही, त्यांनी बाही ओढली. टी-शर्टाला कुठली बाही.

म्हणजे दुखणं कंबरेचं नव्हतंच. फावडं धरता येत नाही. भाऊजींची मदत घेतली तर परत त्यांच्या रानात जावं लागेल, आणि तिथे चारचौघांत फावडं हातातून पडेल. म्हणून भाऊजींना हाकलून लावलं. आणि मी ह्यांना काल फावडं घेऊन जा म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ह्यांची मूठच वळत नाही.

संध्याकाळी मेंढ्या आत घेताना मामा म्हणाले, "लंगडं मेंढरू कळपाच्या मधीच चालतं, मंदा. कडंला आलं की दिसतं ना."

मी वाकून दावी गोळा करायला लागले. ते म्हणाले, "तू बी बघितलंस तर."

मला भीती वाटते. पाना धरवत नाही तो हात स्टेअरिंग कसा धरतो? सुट्टीच्या आधी रोज धरत होताच. उसाचे ट्रॅक्टर समोरून येतात, मागे पाच मुली. तेव्हा मी इथे निवांत भाकरी थापत होते.

त्यातल्याच एकीच्या आईचा फोन आला. सोमवारी गाडी येणार ना? "तुमच्या मालकांच्या गाडीत पोरगी बसली की मला घोर न्हाई बघा."

येणार, म्हटलं. तोंडातून गेलं.

शनि., १०

सकाळी उठून मीच पाना उचलला. म्हटलं, सांगा कसं करायचं ते.

वाटलं ओरडतील. नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "पाईप काढ आधी. पाईपानं काय कळत न्हाई."

बाकीचे तीन नवे बसवून इंजिन कसंबसं चालू केलं, चांगलं तापू दिलं. गरम असताना आटे जरा सैल होतात. मग बंद करून मी आत हात घातला. हे शेजारी, डावा तळवा इंजिनावर ठेवून.

"सैल कर. जरासं. थांब. आता परत घट्ट. परत सैल."

सैल करायचंय तर घट्ट कशाला, म्हटलं. तर म्हणाले, एकाच बाजूला ओढलं की तुटतो, त्याला मागंपुढं करून वाट द्यायची. मध्येच टर्पेंटाईनचे थेंब.

"कुरकुरला की थांबायचं. जोर नगं करू."

तो कुरकुरला. मला पान्यातून दातांपर्यंत कळलं. थांबले. चटके बसत होते, पाठ मोडली, मामा दोनदा जेवायला बोलावून गेले. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदम पाना अलगद फिरला. बाहेर काढला तर काळाठिक्कर, टोकाला काजळीचा गोळा. पण अख्खा.

मला हसूच आलं, लहान पोरीसारखं. ह्यांच्याकडे बघितलं आणि हसू गेलं.

प्लग माझ्या हातातून घेतला, पुसला, खिशात टाकला. "तुझा हात हलका हाय," म्हणाले. आणि मेंढ्यांपाशी जाऊन बसले. जेवले नाहीत.

काम झालं. मग चोरी केल्यासारखं का वाटतंय?

रवि., ११

नवा प्लग त्यांनीच बसवला. मी बसवते म्हटलं नाही. मुद्दाम भाजी निवडायला पाठ करून बसले. लई वेळ लागला.

गाडी एका चावीत लागली. धूर नाही. मामांनी चाकापाशी नारळ फोडला, खोबरं वाटलं, एक तुकडा मेंढीलाही दिला. हे हसत होते. गाडी पुसली, अगदी आरसेसुद्धा. डाव्या हातानं.

ते आंघोळीला गेले तेव्हा मी बॉनेट उघडून चौथ्या प्लगाला पाना लावला. बोटांनी फिरवून ठेवल्याइतकाच बसला होता. अवसरीपर्यंतही टिकला नसता. मी नीट आवळला, फार नाही, पाना जागेवर ठेवला, बॉनेट हळूच टेकवलं.

जेवताना खाली बघत म्हणाले, "घट्ट केलास?"

"काय?"

"चौथा."

"हो."

"बरं केलंस."

तेवढंच. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दार किलकिलं केलं होतं त्यांनी. तेव्हाच म्हणायला हवं होतं, उद्या मंचरला दवाखान्यात जाऊ, सोपानभाऊजींना मी सांगते, तुमच्या वाट्याची सावड मी करते. सगळं जिभेवर होतं. आणि मी काय म्हणाले, तर भाकरी वाढू का.

लायसन माझ्याकडेही आहे. ह्यांनीच हट्टानं काढायला लावलं. गाडी मात्र कधी बांधापलीकडे नेऊ दिली नाही. डांबरीवर मला जमेल का, तेही मला माहीत नाही.

सोम., १२, सकाळी

गाडी चालू आहे अंगणात. धूर नाही. हे आत बसलेत, स्टेअरिंगवर. चावी फिरवताना डावा हात आडवा नेऊन फिरवली, मी दारातून बघितलं. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

डबा द्यायला गेले तर काच खाली केली. माझ्याकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत विचारलं,

"मंदा, उतरू का?"

रागानं नाही. टोमणाही नाही. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं मला विचारून काही केलेलं आठवत नाही.

म्हटलं, थांबा, गारठा आहे, स्वेटर आणते. आणि आत आले. स्वेटर मांडीवर घेऊन हे लिहितेय.

हो म्हटलं तर ते उतरतील. आजच नाही, कायमचे उतरतील, मला माहीत आहे त्यांचा स्वभाव. नको म्हटलं तर त्या पाच आयांना मी काय तोंड दाखवू? मुली फाट्यावर येऊन उभ्या असतील.

मामा खाटेवर उठून बसलेत. गाडीकडे बघतायत.

इंजिनाचा आवाज एकसारखा येतोय, चारही प्लग नीट बसलेत. निघताना रोज वाजवतात तो हॉर्न ह्यांनी अजून वाजवलेला नाही.